वृंदाच्या नखाखालची गाठ

सर,

परवा फ्युनरल होममध्ये तुमच्याबद्दल अकरा जण बोलले. बारावे नाव माझे होते. काकूंनी ते स्वतःच्या हाताने यादीत लिहिले होते, आणि ते पुकारले गेले तेव्हा मी जागेवरूनच मान हलवून नाही म्हटले. लोकांना वाटले, गळा दाटून आला असेल. शेजारच्या बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. सर, माझा गळा दाटून आला नव्हता. मला भीती वाटली होती.

माझ्या आधी बोललेल्या अकरा जणांपैकी चौघांनी एकच गोष्ट सांगितली, वृंदाच्या बोटाची. एवढे नावाजलेले त्वचारोगतज्ज्ञ वसंतकाका आपल्याच घरात कसे चुकले, त्यांच्या विद्यार्थिनीने, सुमेधाने, एका क्षणात दुखणे कसे ओळखले, आणि काकांनी भर सभेत वृंदाची माफी कशी मागितली. गोष्ट सुंदर आहे. तुम्ही ती इतक्या वेळा सांगितली होती की सांगणाऱ्यांचे हातवारेसुद्धा तुमचेच होते. तुमची चूक खरी आहे, तुमची माफीही खरी आहे. माझा तो एक क्षण मात्र खोटा आहे. तो क्षण चौदा महिन्यांचा होता, आणि हे मी तुम्हाला कधी सांगितले नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकाला तुमच्यावर माझे एक पान हवे आहे. ज्यांनी ती गोष्ट ऐकली तेच लोक अंक वाचतील, म्हणून लिहिते आहे. मला बोलण्यापेक्षा लिहिणे बरे जमते, आणि लिहायलाही मी, इतर सगळ्या गोष्टींप्रमाणे, उशिराच बसले आहे.

उशिरा सुरुवात करणे हा माझा स्वभावच म्हणायचा. नागपुरात वैद्यकीय पदवी घेतली, लग्न होऊन मिनेसोटात आले, दोन मुले वाढवली, मुले शाळेत गेल्यावर परीक्षा दिल्या, आणि त्वचारोगाच्या रेसिडेन्सीच्या प्रशिक्षणात दाखल झाले तेव्हा एकेचाळिसावे सरत होते. बरोबरचे सगळे माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान. विभागात माझ्यासाठी शब्द टाकणारे तुम्ही एकटेच होतात. मुलाखतीनंतर तुम्ही मला पार्किंग लॉटपर्यंत सोडायला आलात.

"सुमेधा, तुझ्या उत्तरांत एकही चूक नव्हती. पण प्रत्येक उत्तराच्या आधी तू माफी का मागतेस?"

"सॉरी, सर," मी म्हणाले.

तुम्ही इतक्या मोठ्याने हसलात की पलीकडे गाडीवरचे बर्फ खरवडणारा माणूस थांबून पाहू लागला.

मी नागपूरच्या इंदोऱ्यातली. माझे वडील शाळामास्तर होते, आणि ते बोलायला उभे राहिले की सगळी वस्ती ऐकायला थांबायची. त्यांच्या पोटी ही मुकी मुलगी कुठून आली, याचे कोडे त्यांना शेवटपर्यंत उलगडले नाही. तुमच्या घरच्या गणपतीचे पहिले आमंत्रण आले तेव्हा मी फोनवर चाचरले. आम्ही बौद्ध, आमच्या घरात देव नाहीत, हे कसे सांगावे ते मला समजेना. तुम्हीच म्हणालात, "आरतीला नको येऊ. जेवायला ये. मोदकाला धर्म नसतो, आणि असला तर तो मी तुझ्या पानात वाढत नाही." तेवढ्या एका वाक्याने तुम्ही माझी किती वर्षांची अढी सोडवलीत, हेही मी तुम्हाला कधी सांगितले नाही.

तुमचा जीव रमायचा तो दुर्मिळ आणि निरुपद्रवी गाठींत. कॅन्सर शोधायला सगळे शहाणे टपलेले असतात, तुम्ही म्हणायचात, पण जिने माणूस मरत नाही त्या गाठीकडे बघायला कुणाला वेळ आहे? केसाच्या मुळाशी वाढणारी खड्यासारखी टणक गाठ, घामाच्या ग्रंथीतून आलेली निळसर गाठ, केस उभे करणाऱ्या इवल्या स्नायूतून आलेली आणि गारठ्यात आवळून येणारी गाठ, या सगळ्या तुम्ही मला बोटाने ओळखायला शिकवल्यात. दुखणाऱ्या गाठींची यादी तर पहिल्याच महिन्यात पाठ करायला लावलीत. "बिनाइन, म्हणजे निरुपद्रवी, हा शब्द आपण डॉक्टरांनी आपल्या सोयीसाठी ठेवलाय," तुम्ही म्हणालात. "जिचं दुखतंय तिला विचार, बिनाइन म्हणजे काय ते."

त्या यादीत ग्लोमस होता. बोटांच्या टोकांना रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म गाठोड्या असतात, त्या गारठ्यात बोटाची ऊब सांभाळतात. त्यांतलीच एखादी फुगून गाठ होते, बहुधा नखाखाली, मसुराच्या डाळीएवढी. बाहेरून जवळजवळ काही दिसत नाही. गार लागले की कळ खांद्यापर्यंत जाते, आणि टाचणीच्या माथ्याने दाबत गेले तर एकाच ठिपक्यावर माणूस किंचाळतो. काढली की संपली. हे सगळे मी त्या आठवड्यात पाठ केले होते, आणि रविवारी तुमच्या घरी गणपतीला जेवायला आले.

वृंदाला अमेरिकेत येऊन तेव्हा आठ-नऊ महिने झाले होते. तिचा नवरा अमोल ईडन प्रेरीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करीत असे. तिच्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती. स्वयंपाकघरात बायकांची गर्दी होती आणि काकू ओट्याशी उभ्या राहून हुकूम सोडत होत्या.

"वृंदा, फ्रीझरमधून खवलेलं खोबरं काढ गं."

वृंदा हलली नाही. मग तिने पुसायचे फडके डाव्या हाताला गुंडाळले आणि उजव्या हाताने पिशवी ओढली. पिशवी निसटून तिच्या डाव्या हातावर आदळली. तिच्या तोंडून आवाज निघाला नाही, पण ती फ्रिजला टेकून खाली बसली.

"मंडळाच्या नव्या सूनबाईंना खोबरंसुद्धा जड झालं," कुणीतरी म्हणाले, आणि हशा पिकला. "मागच्या पॉटलकच्या जेवणालाही हिने भांड्यांना हात लावला नव्हता."

आपल्या मंडळाची एक रीत आहे. जेवणाच्या टेबलाभोवती सहा-सात डॉक्टर बसलेले असतात, ज्याला काही होत असेल त्याने यावे, हात, पाय किंवा जीभ दाखवावी, आणि एका हातात ताट धरलेले डॉक्टर दुसऱ्या हाताने तपासून तिथल्या तिथे निकाल देतात. अमोलने वृंदाला टेबलाशी आणले. डाव्या हाताचे तिसरे बोट. दीड वर्ष दुखते आहे, इथल्या थंडीत फार वाढले, त्याने सांगितले. हृदयरोगवाले काका म्हणाले, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, जाड हातमोजे घाल. तुम्ही तिचे बोट हातात घेऊन चष्म्याखालून पाहिलेत. अर्धे मिनिटही नाही.

"नख छान आहे. सूज नाही, लाली नाही," तुम्ही म्हणालात. आणि मग अमोलकडे वळून, हळुवारपणेच, "अरे, तिचं मन रमत नाहीये. दिवसभर एकटी असते बिचारी. बोट नाही, मन दुखतंय. बघ कुणाला तरी दाखवून, यात लाजायचं काही नाही."

सर, तुम्ही चेष्टा केली नव्हती. तुम्हाला खरोखर काळजी वाटली होती, आणि म्हणूनच सगळ्यांनी विश्वास ठेवला. वृंदानेसुद्धा.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. मी तिला म्हणाले, "जरा बोट बघू?" हाताशी टाचणी नव्हती. ओट्यावर उदबत्तीचा पुडा होता. त्यातल्या एका काडीच्या मागच्या, मसाला नसलेल्या टोकाने मी तिच्या नखावर दाबत गेले. इथे? नाही. इथे? नाही. नखाच्या मुळाशी जी पांढरी चंद्रकोर असते, तिच्या कडेला, अंगठ्याच्या बाजूला मी दाबले, आणि वृंदाने हात असा हिसकला की काडी मोडली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. "तिथेच," ती म्हणाली. "ताई, तिथेच."

मला समजले होते. शंका नव्हती. तिथे थोडी निळसर झाकही होती, खिडकीच्या उजेडात धरल्यावर दिसली.

मी दिवाणखान्याच्या दारापर्यंत गेले. तुम्ही खुर्चीत रेलून किस्सा सांगत होतात, भोवती दहा जण हसत होते. मी दारात उभी राहिले. तुम्ही माझ्याकडे पाहून विचारलेत, "काय गं, मोदक संपले का?" मी म्हणाले, "नाही, सर, आहेत अजून." आणि परत आले. वृंदाला म्हणाले, "नंतर बोलू."

का बोलले नाही, याची कारणे मी इतकी वर्षे स्वतःला देत आले आहे, आणि प्रत्येक कारण थोडे थोडे खरे आहे. मी पहिल्या वर्षाची रेसिडेंट होते. तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकला होता. तुम्ही सहा-सात डॉक्टरांसमोर निकाल दिला होता, तोही तुमच्या घरात, सणाच्या दिवशी. आणि त्या दिवाणखान्यात मी नेहमी जशी बसत असे, खुर्चीच्या कडेला, तशीच मी मनानेही बसले होते. तुम्ही ती खुर्ची कितीदा आत सरकवलीत, मी पुन्हा कडेला आले. ठरवले, सोमवारी क्लिनिकमध्ये एकांतात सांगू. सोमवारी क्लिनिक भरलेले होते. मंगळवारी वाटले, कालच सांगायला हवे होते. दुसऱ्या आठवड्यात वाटले, आता सांगितले तर सर विचारतील, इतके दिवस काय करत होतीस? सर, इथून पुढे दिवस माझ्या विरुद्ध साठत गेले. गप्प बसण्याचे एक कारण गप्प बसणे हेच होऊन बसले.

त्या हिवाळ्यात वृंदाला डिप्रेशनच्या गोळ्या सुरू झाल्याचे मी ऐकले. मी तिच्या घरी दोनदा फोन केला. एकदा आन्सरिंग मशीन लागले आणि मी काही न बोलता ठेवून दिला. दुसऱ्यांदा तिने उचलला, आणि मी तिला भरलेल्या वांग्यांची कृती विचारली.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या कार्यक्रमापर्यंत असेच चालले. शाळेचे सभागृह भाड्याने घेतले होते, बाहेर बर्फ पडून गेला होता. वृंदा एका हातात मोजा घालून कोपऱ्यात बसली होती. तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. अमोल माझ्या नवऱ्याशी बोलत होता आणि मी ऐकत होते.

"डिसेंबरचं तिकीट बुक केलंय, यार. वन वे. आईकडे राहील थोडे दिवस. काकाच म्हणाले, हवापालट होईल."

"मग परत कधी?"

"बघू," अमोल म्हणाला, आणि हातातल्या कपाकडे पाहत राहिला. "खरं सांगू? मला नाही माहीत. घरी उघड कोणी म्हणत नाही, पण सगळे तेच सुचवतायत, वेगळे व्हा. रोज रडते. मी काय करू, सांग ना."

मी तुम्हाला शोधत गेले. तुम्ही कोटांच्या खोलीत होतात, निघण्याच्या तयारीत, एक हात बाहीत.

"सर, सॉरी. वृंदाचं बोट. मला वाटतं ग्लोमस असेल."

तुम्ही जागच्या जागी थांबलात. अर्धा कोट पाठीवर लोंबत होता. तुमच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटले नाही, मग मला दिसले की तुम्ही ते बोट आठवत होता, ते अर्धे मिनिट.

"गार लागलं की दुखतं," तुम्ही हळूच म्हणालात. "फडकं गुंडाळलं होतं तिने. हेच तर ती सांगत होती, अन् मी..." मग माझ्याकडे पाहिलेत. "तुला आत्ता सुचलं?"

"हो," मी म्हणाले.

एवढेच. एक अक्षर. तुम्ही पुढे काही विचारले नाहीत. "गाढव आहे मी," असे म्हणून कोट तसाच जमिनीवर टाकून तुम्ही सभागृहात गेलात, शीतपेयांच्या कूलरमधला बर्फ कागदी कपात घेतलात, आणि वृंदासमोर गुडघ्यांवर बसलात. पासष्टीचा माणूस, सगळ्यांच्या देखत. "पोरी, फक्त एकदा त्रास देतो," म्हणून तुम्ही तिचे बोट बर्फाला लावलेत. ती ओरडली, आणि गाणे म्हणणाऱ्या मुली थांबल्या. तुम्ही कप बाजूला ठेवून हात जोडलेत. "मी चुकलो. तुझं मन नाही, बोटच दुखतंय. तू पहिल्यापासून खरं बोलत होतीस."

वृंदाने अमोलकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. तो राग होता, सर, आणि तो मला पाहवला नाही.

क्लिनिकमध्ये तुम्ही तिचा हात वर धरून रक्त उतरू दिलेत, रक्तदाबाचा पट्टा दंडाला आवळलात, आणि त्याच ठिपक्यावर दाबलेत. तिला काही झाले नाही. ती स्वतःच नखावर टिचक्या मारून पाहू लागली आणि हसू लागली. "आता सोडतो, तयार राहा," तुम्ही म्हणालात, पट्टा सोडलात, आणि कळ परत आली. निदान झाले होते. राहिली होती शस्त्रक्रिया, आणि तिची भीती मला वृंदाहून जास्त वाटत होती. कारण गाठ अर्धवट राहिली तर पुन्हा वाढते, आणि नखाखाली चुकीच्या जागी चीर गेली तर नख जन्माचे दुभंगते. शिवाय आता साऱ्या मंडळाला समजले होते. गाठ सापडली नसती तर वृंदाचे दुखणे पुन्हा मनातच गेले असते, आणि तिकीट अजून रद्द केलेले नव्हते.

आपण तिच्याकडून शेवटचे विचारून, दाबून, जांभळ्या पेनाने खूण केली. मग बोट बधिर केले, बोटाच्या मुळाशी पट्टी आवळली, तुम्ही नख अलगद सोडवून बाजूला ठेवलेत. आणि आपण दोघेही थबकलो. खूण नखावर होती. नख ताटलीत होते. समोर नखाखालचे कोरे, गुलाबी मांस होते, आणि पट्टीमुळे रक्त उतरल्याने ती निळसर झाकही नाहीशी झाली होती. वृंदाला विचारण्यात अर्थ नव्हता, बोट बधिर होते.

तुम्ही मला कधी ओरडला नाहीत, तेव्हाही नाही. फक्त तुमचा श्वास मास्कमध्ये मोठा ऐकू येऊ लागला. "खूण कातडीवरही करायला हवी होती," तुम्ही म्हणालात. "अंदाजाने कापू नये." चाकू तुमच्या हातात स्थिर होता, पण खाली येत नव्हता. पडद्यापलीकडून वृंदाने विचारले, "झालं का, काका?"

"सर," मी म्हणाले, "चंद्रकोरीच्या कडेला. अंगठ्याच्या बाजूला, दोन मिलिमीटर आत."

"नक्की?"

"नक्की."

त्या शब्दाआधी मी माफी मागितली नव्हती; असे आयुष्यात ते एकदाच झाले. तुम्ही उभी चीर दिलीत, कडा बाजूला सारल्यात, आणि ती तिथे होती. राखाडी, गुळगुळीत, वाटाण्याच्या अर्ध्यालाही न भरणारी. तुम्ही ती अखंड सोडवून बाहेर काढलीत. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलेत.

"इतकं नेमकं कसं माहीत तुला?"

"मघाशी दाबून पाहिलं होतं ना, सर."

तुम्ही बारीक धाग्याने टाके घालायला लागलात.

दोन दिवसांनी मी सूक्ष्मदर्शकाखाली ती गाठ पाहिली. रक्तवाहिन्यांभोवती एकसारख्या, गोल, शांत पेशी. इतकी नीटनेटकी, निरुपद्रवी वस्तू, आणि तिने एका बाईचा संसार आणि तिचा स्वतःवरचा विश्वास उखडत आणला होता. तिने एकटीने नव्हे. आपण दोघांनीही.

तिकीट रद्द झाले. वृंदा राहिली, पुढे शिकली, आता तिची मुलगी तीन वर्षांची आहे. आणि तुम्ही ती गोष्ट सांगत फिरलात. दर गणपतीत, दर पिकनिकला. "माझं गाढवपण आणि हिची नजर." मी ताटात पाहत असे. लोकांना तो विनय वाटे.

आपला एक वाद मात्र राहिला. तुम्हाला ही केस जर्नलसाठी लिहून हवी होती, माझ्या नावाने. मी चार वर्षे टाळत आले. कधी फोटो नीट नाहीत म्हणाले, कधी मुलांच्या परीक्षा. "सुमेधा, लेख?" हा तुमचा नमस्कारच झाला होता. खरे कारण असे, की लेखात रोग्याच्या आधीच्या तपासण्या लिहाव्या लागतात. "सगळ्या लिही हं," तुम्ही म्हणायचात. "कुणी, कधी, काय पाहिलं. गाळू नकोस." मला वाटे, तुम्ही तुमच्या चुकीबद्दल बोलता आहात.

गेल्या महिन्यात मी तुम्हाला भेटायला आले. तुम्ही खिडकीकडे तोंड करून पडला होतात, आवाज अगदी बारीक झाला होता. काकू चहा करायला गेल्या. तुम्ही विचारलेत, "काही राहिलंय का गं?" मी म्हणाले, "नाही, सर. तुम्ही आराम करा." तुम्ही डोळे मिटलेत. मला तेव्हा वाटले, तुम्हाला झोप लागली.

परवा, सगळे पांगल्यावर, मी वृंदाला थांबवले. आम्ही तिच्या गाडीत बसलो, हीटर चालू होता. मी तिला सांगितले. स्वयंपाकघर, काडी, दिवाणखान्याचे दार. आणि माफी मागितली. ती समोरच्या काचेतून बाहेर पाहत होती.

"ताई, ती काडी मी विसरेन का?" ती म्हणाली. "पण तुम्ही काही बोलला नाहीत, तेव्हा मला वाटलं, तुम्हालाही काही सापडलं नाही. मग मीच स्वतःला म्हटलं, असेल माझ्या डोक्यात. चौदा महिने मी रोज स्वतःला हेच समजावत होते. दुखण्याचं नाही हो एवढं. पण तुम्हाला माहीत होतं, की मला खरंच होतंय."

"हो."

"ऑपरेशनच्या सकाळी काकांनी मला विचारलं, आधी कुणी असं दाबून पाहिलं होतं का. मी सांगितलं, सुमेधाताईंनी, तुमच्याच किचनमध्ये, आदल्या वर्षीच्या गणपतीत. ते म्हणाले, हे तू कुणाला बोलू नकोस. ते तिचं तिला सांगू दे."

मी तिला विचारले, राग आहे का.

"आहे," वृंदा म्हणाली. "थोडा काकांचाही आहे. त्यांनी माझी माफी मागितली, आणि तुम्हाला माझ्या वतीने परस्पर माफी देऊन टाकली. मला कुणी विचारलं?" मग तिने नाक पुसले. "मंडळासाठी लिहिताय ना? लिहा. माझं नाव घाला."

सर, म्हणजे मी चीर कुठे द्यायची ते सांगितले तेव्हा तुम्हाला माहीत होते. तुम्ही मला "इतकं नेमकं कसं" असे विचारलेत ते उत्तर ठाऊक असताना, आणि माझे खोटे ऐकून टाके घातलेत. पुढची चार वर्षे लोकांसमोर माझी नजर वाखाणलीत, आणि एकांतात लेख मागत राहिलात. शेवटी, आवाज संपत आला असताना, पुन्हा एकदा विचारलेत. इतक्या संधी मला माझ्या वडिलांनीही दिल्या नव्हत्या, आणि मी त्यांतली एकही घेतली नाही. याबद्दल मी तुमची कायमची ऋणी आहे.

आणि मी तुमच्यावर रागावलेही आहे. हे मी तुमच्यासमोर कधी म्हणू शकले नसते, म्हणून आता म्हणते. तुम्ही मला ओरडायला हवे होते. दुसऱ्या कुठल्या रेसिडेंटने रोग्याला चौदा महिने असे ठेवले असते, तर तुम्ही त्याला कोटासकट बाहेर काढले असते. मला तुम्ही सांभाळून घेतलेत, कारण मी उशिरा आलेली, भित्री, खुर्चीच्या कडेला बसणारी. तुम्हाला वाटले, मी मोडेन. कदाचित मोडलेही असते. पण तुमच्या त्या सांभाळण्यात वृंदाचा विचार नव्हता, आणि मी मोठी होईन हा विश्वासही नव्हता. ते होते वाट पाहणे, आणि वाट पाहण्याने काय होते ते आपण दोघांनीही तिच्या बोटावर पाहिले होते.

जर्नलचा लेख मी काल लिहायला घेतला. आधीच्या तपासण्यांच्या परिच्छेदात तीन नोंदी आहेत. पहिली हृदयरोगवाल्या काकांची, दुसरी तुमची, तिसरी माझी. तुमच्या नोंदीपाशी माझा हात अडखळला, पण मी ती गाळली नाही. माझी नोंद सगळ्यांत मोठी झाली आहे.

तो निळसर डाग मी खिडकीच्या उजेडात पाहिला, सर. मला त्याचे नाव ठाऊक होते, जागा ठाऊक होती, उपाय ठाऊक होता, आणि तुम्ही दहा पावलांवर बसला होतात. मी गप्प बसले. हे तुम्हाला माहीत होते, तरीही ते तुम्हाला माझ्याकडून ऐकायचे होते, आणि मी ते तुमच्या मागे, तुम्ही ऐकू शकत नसताना सांगते आहे. या वेळी आधी माफी मागितलेली नाही. ती वृंदाकडे मागितली आहे. तिने अजून उत्तर दिलेले नाही, आणि मी तिला घाई करणार नाही.

सुमेधा